पुलाला हात लावायचा नाही

आमच्या चर्चच्या पेटीत एक कागद आहे. माझ्यावर रस्त्याची पाळी आली त्या वर्षी पेटीची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा पाद्रीबाबांनी तो मला वाचून दाखवला. एक्सटर शहरातल्या न्यायकचेरीतली नक्कल. लेमर नदीवरचा पूल अर्धा हेनाकोम गावानं राखावा, अर्धा स्टोकफर्डनं. वर तारीख, खाली सही. बास. टॅमसिन मावशीचं नाव त्यात कुठं नाही, डिगोरी व्हॉयझीच्या पायाचं तर नाहीच नाही.

टॅमसिन एन्डाकॉट माझी सख्खी मावशी नव्हे. तिच्या बांधाला माझा बांध, म्हणून मावशी. उंच, हाडापेरानं मोठी बाई. नवरा गेल्यावर त्याचे बूट तिनं पायात घातले ते कायमचे. चिखलात त्या बुटांचा आवाज लांबूनच ओळखू यायचा आणि आळशी माणसं फावडं उचलायची. कारण त्या वर्षी रस्त्याची पाळी तिच्या घरावर होती.

ही पाळी आमच्याकडे घरटी फिरते. ज्याच्या दारात येईल त्यानं वर्षभर गावचे रस्ते बघायचे, शेतकऱ्यांकडून गाड्या आणि मजुरांकडून अंगमेहनत काढून घ्यायची, खड्डे बुजवून घ्यायचे. पगार नाही. खड्डा राहिला तर दंड मात्र पाळीकऱ्याच्या खिशातून. एखादी विधवा असली की ती कुणाला तरी चार शिलिंग देऊन पाळी गळ्यातून काढते. मावशीनं काढली नाही. ती म्हणाली, "नवऱ्याची पाळी आली असती तर त्यानं केलीच असती. घर त्येच हाय न्हवं?"

पहिल्याच महिन्यात तिनं सायमन लस्कमला दुखवलं. लस्कम म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात मोठा शेतकरी, चर्चमधल्या गावसभेत पहिल्या बाकावर बसणारा. रस्त्याच्या कामाला त्यानं आपली मोडकी गाडी पाठवली, अर्धी रिकामी. मावशीनं ती तशीच परत धाडली आणि निरोप दिला, "सायमनला म्हणावं, चुकून कोंबड्यांची गाडी आली, दगडांची पाठव." सगळं गाव आठवडाभर हसलं. लस्कम हसला नाही. आणि हे तिला परवडणारं नव्हतं, कारण तिची टेकडीखालची जमीन दर वसंतात लस्कमच्याच बैलांनी नांगरली जायची. तिच्याकडे बैल नव्हते. नांगर आला नाही तर बार्ली नाही, आणि बार्ली नाही तर जमिनीचा खंड नाही. तिचं सगळं त्या एका नांगरावर उभं होतं.

त्या शरदात लेमरला पूर आला आणि पुलाची मधली कमान खचून वाटेत भोक पडलं.

पूल आमच्या आणि स्टोकफर्डच्या मध्ये. गिरणी त्यांच्या काठाला, चुन्याची भट्टी आमच्या. पूल कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नाही. काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, हात वर केले. म्हणे, आमच्या यादीत हा पूलच नाही, दोन गावांपैकी जो आजवर राखत आला त्यानं राखावा. आता कोण राखत आला? आम्ही म्हणायचो स्टोकफर्ड, ते म्हणायचे हेनाकोम. जानेवारीत एक्सटरला न्यायाधीश बसतील आणि साक्षी घेऊन ठरवतील, असं ठरलं.

आणि आमच्याकडचा कायदा असा, की ज्यानं पुलाला एकदा हात लावला, त्याच्या गळ्यात तो कायमचा पडला. एक दगड बसवला, एक फळी टाकली, आणि ते कुणी शपथेवर सांगितलं, की झालं. तुमच्या नातवंडांनीही तो पूल राखायचा.

गावसभेत लस्कमनं मावशीला उभं केलं. "टॅमसिन, जानेवारीपतोर आपल्या गावच्या कुन्या मान्सानं त्या पुलाला बोट लावता कामा नये. पाळी तुझी, राखण तुझी."

"आनि मानसं गिरणीला कशी जायची?"

"जपून."

"भोक एवढं हाय की डुक्कर पडंल त्यातनं."

"मग डुकराला सांग, जपून जा." लोक हसले. लस्कम पुढे म्हणाला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. "तुझ्या पाळीत पूल आपल्या उरावर बसला, तर वसंतात माझे बैल तुझ्या बांधाकडं तोंडसुदिक करायचे न्हाईत. बाकीच्यांनी बी ऐकून ठेवा."

बाकीच्यांनी ऐकून ठेवलं. मीही ऐकलं. माझ्याकडे तरी बैल कुठे होते.

त्या दिवसापासून मावशी पुलावर पहारा द्यायला लागली, आणि पलीकडून डिगोरी व्हॉयझी. स्टोकफर्डची पाळी त्याच्याकडे होती. बुटका, लाल चेहऱ्याचा, गप्पिष्ट माणूस. मेंढ्यांचा सौदा करताना गायला लागायचा. दोघं दोन काठांवर उभी राहून एकमेकांवर नजर ठेवायची. समोरचा कधी चुकतोय याची वाट बघायची.

"एन्डाकॉटीणबाई," तो पलीकडून ओरडायचा, "तुमच्या बाजूचा कठडा कललाय. जरा धक्का द्या की सरळ."

"तुमच्याच बाजूला कललाय तो, व्हॉयझी. तुमास्नी बघायला वाकलाय."

"मग या हिकडं, चहा टाकतो."

"पूल बांधा, मग येते."

हसणं होतं, पण त्याखाली पाणी वाहत होतं. माणसं खांद्यावर पोती घेऊन भोकाच्या कडेकडेनं, भिंतीला पाठ लावून सरकायची. एका बाईचं पिठाचं पोतं खाली गेलं आणि ती कठड्याला धरून ओरडत राहिली. रात्री पाणी गोठायचं, सकाळी दगड काचेसारखे निसरडे व्हायचे. मावशीनं राख टाकायचं मनात आणलं, मग राखसुद्धा डागडुजी ठरेल म्हणून टाकली नाही. मला म्हणाली, "जोएल, माजं डोकं आता सैतानाच्या वकिलासारखं चालायला लागलंय बघ."

डिसेंबरात एका संध्याकाळी ती पुलावर गेली तर भोकावर ताटी. मेंढ्यांच्या वाड्याला लावतात तशी, हेझलच्या काठ्यांची विणलेली, नवीकोरी. विणीवरूनच तिनं ओळखलं कुणाची ते. काठी दोनदा पिळून आत खोचायची सवय आमच्यात एकाच माणसाला होती, म्हाताऱ्या एमसला.

ती तशीच त्याच्या दारात गेली. मी सोबत होतो.

"एमसतात्या, ही ताटी तुमची?"

"माजीच." त्यानं विस्तवावरनं नजर हलवली नाही. "म्हातारी उद्या गिरणीला जानार हाय. तिला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"तात्या, ही ताटी त्या व्हॉयझीनं बघितली तर गाव पडंल."

"गाव पडलं तर त्येला लागत न्हाई, टॅमसिन. म्हातारीला लागतं."

  "तुमचं दळण मी आनते," मावशी म्हणाली, आणि परत पुलावर जाऊन तिनं ती ताटी ओढून काढली, डोक्यावर घेतली आणि घरी नेऊन गोठ्याला टेकवली. अंधार पडत आला होता. पलीकडच्या काठावर कुणी दिसलं नाही. पण डिगोरीनं ती दुपारीच पाहिली होती, हे आम्हाला कुठं ठाऊक.

सकाळी धुकं असं होतं की आपलाच हात दिसेना. मी कोंबड्या सोडत होतो आणि नदीकडून ओरडणं ऐकू आलं. मावशी माझ्या आधीच पळत सुटली होती. त्या बुटांत ती कशी पळाली देव जाणे.

पुलावर पोचलो तेव्हा पलीकडच्या बाजूला स्टोकफर्डचा गिरणीवाला विल्मट उभा होता, टोपी हातात पिळत. आणि भोकात, काखेपर्यंत, डिगोरी व्हॉयझी.

त्यानं विल्मटला साक्षीला आणलं होतं. हेनाकोमनं पुलाला ताटी टाकली, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि एक्सटरला सांग, म्हणून. धुक्यात तो ऐटीत पुढे आला, ताटी आहेच असं धरून पाय टाकला, आणि ताटी मावशीच्या गोठ्याला टेकलेली होती.

त्याचा पाय खाली कमानीच्या दोन सैल दगडांत अडकला होता. वरचा दगड त्याच्या मांडीवर सरकत होता. खाली लेमर गढूळ, फुगलेली.

"विल्मट, फळी आन," डिगोरी म्हणाला. चेहऱ्यावरचा लाल रंग गेला होता.

"फळी कशी टाकू, डिगोरी?" विल्मट रडकुंडीला आला होता. "टाकली तर मलाच शपथ घ्यावी लागंल न्हवं? गाव मला खाऊन टाकंल."

"मी मेलो तर?"

"दोर आनतो. दोर चालतो. दोर म्हंजी काय डागडुजी न्हवं."

दोर आला. काखेखालून बांधला. मी एका टोकाला, विल्मट दुसऱ्या. ओढलं तसा डिगोरी किंचाळला आणि एक दगड सुटून खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला असं वाटलं. कमान कण्हल्यासारखी वाजली. आम्ही ओढणं थांबवलं. नुसत्या दोरानं पाय निघणार नव्हता. कुणीतरी खाली वाकून तो दगड उचलायला हवा होता, वाकायला खाली काहीतरी हवं होतं, आणि दगड उचलला की वरची कमान कोसळू नये म्हणून तिला टेका हवा होता.

मावशी वळली आणि घराकडे पळाली. येताना डोक्यावर ताटी, आणि मागून आमच्या बाजूची चार माणसं. त्यांत लस्कम.

"टॅमसिन." तो पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "दोर लावलाय न्हवं? स्टोकफर्डची मानसं बोलवा. त्यांचा मानूस, त्यांनी काढावा. ती ताटी खाली ठेव."

"खालीच ठेवायला आनलीय."

"हितं न्हवं. वसंत ध्यानात हाय का तुझ्या?"

ती एक क्षण थांबली. मी तिच्या बाजूलाच होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आता ती ताटी टाकून देईल. आणि खरं सांगायचं तर टाकली असती तरी मी तिला नावं ठेवली नसती. मग ती म्हणाली, "काल मी ही काढली नसती, सायमन, तर तो मानूस आत्ता तुझ्या नावानं बोंब मारत पुलावर उभा असता. धडधाकट. सरक."

तो सरकला नाही. ती त्याच्या बाजूनं गेली, आणि जाताना ताटीचं टोक त्याच्या टोपीला लागून टोपी नदीत गेली. ते मुद्दाम केलं की नाही, ते ती कधी बोलली नाही.

ताटी टाकून ती तिच्यावर पालथी पडली. "व्हॉयझी, खालचं मला दिसत न्हाई. तुमास्नी दिसतंय. कुटं टेका लावू?"

डिगोरीचे दात वाजत होते. पण माणूस मेंढ्यांच्या बाजारात वाढलेला, नजर पक्की. "डावीकडं. त्यो काळा दगुड दिसतोय, त्येच्या खाली. त्यो धरला तर बाकीचं ऱ्हाईल."

"जोएल, खांब."

लस्कमच्या फाटकाचा नवा ओकचा खांब रस्त्याकडेला पडला होता, बसवायचा राहिलेला. मी लस्कमकडे न बघता तो उचलला. आम्ही खांब भोकातून खाली सोडला, पुलाच्या पायाच्या जुन्या दगडावर उभा केला, काळ्या दगडाखाली आणला. बोटभर आखूड पडला.

"पाचर पायजे," मावशी म्हणाली.

पाचर कुणाकडेच नव्हती. डिगोरीनं मान वळवली. "विल्मट, गिरणीतली पाचर आन. फळी न्हाई म्हनालास, पाचर तरी आन. मी पाळीकरी म्हनून सांगतोय. माज्या नावावर घाल."

विल्मट गेला आणि धुक्यातून पाचर घेऊन आला. मावशीनं ती ठोकली. काळा दगड थांबला. कमान गप्प झाली. मग तिनं मांडीवरचा दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला लोटला, आम्ही दोर ओढला, आणि डिगोरी वर आला. पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता.

तो ताटीवर पडून होता तेव्हा तिला म्हणाला, "चहाला तुमीच आलात शेवटी."

"अजून न्हाई आले," ती म्हणाली. "अर्ध्यातच हाय."

ताटी आम्ही काढली. दोर काढला. खांब मात्र काढता येईना, कारण आता सगळी कमान त्याच एका खांबावर उभी होती. लस्कम घण घेऊन आला. "ठोकून पाडा तो. खांब ऱ्हायला म्हंजी पूल आपला झाला."

"पाड की," मावशी म्हणाली. "खाली उतर आन् पाड. तुजाच खांब हाय."

लस्कमनं भोकात डोकावून बघितलं. मग आमच्याकडे. मग घण खांद्यावर टाकून निघून गेला. त्याच्यानंतर कुणीच उतरलं नाही.

जानेवारीपर्यंतचे दिवस वाईट गेले. चर्चमध्ये मावशीच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. एमसच्या म्हातारीचं दळण ती आणून द्यायची, तेवढंच एक दार उघडं. लस्कमनं दोनदा निरोप पाठवला: एक्सटरला विचारलं तर सांगायचं, खांब स्टोकफर्डच्या लोकांनी लावला; पाचर त्यांचीच होती की. असं सांगितलं तर बैल येतील. मी तिला विचारलं, काय करणार. ती म्हणाली, "मी काय सांगनार ते मला ठाऊक हाय. त्यो व्हॉयझी काय सांगनार, ते न्हाई ठाऊक."

आणि तेच सगळं होतं. टेका तुम्ही लावलात का, म्हणून तिला विचारणारच होते. ती हो म्हणणार होती. त्यानंतर डिगोरीनं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तो नुसता गप्प बसला असता तरी स्टोकफर्ड जिंकलं असतं.

एक्सटरला किल्ल्यातल्या मोठ्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं उभे होतो. ओल्या लोकरीचा वास. डिगोरीला गाडीतून आणलं होतं, पाय फळीला बांधलेला. त्याच्या भोवती स्टोकफर्डची माणसं, त्याच्या कानाशी लागलेली. त्यानं आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मावशीनं बायबलवर हात ठेवला. न्यायाधीशांनी विचारलं, "पुलाच्या कमानीखाली लाकडाचा टेका आहे. तो कुणी लावला?"

"मी, साहेब."

"हेनाकोमची पाळीकरीण म्हणून?"

"पाळी माजीच होती."

लस्कमनं डोळे मिटले. कारकुनाची लेखणी कागदावर कुरकुरली. स्टोकफर्डच्या लोकांत कुजबुज झाली, आणि एक जण तर आताच हसायला लागला.

मग डिगोरी. त्याला खुर्चीसकट पुढे नेलं.

"या बाई म्हणतात ते खरं?"

"खरं हाय."

"म्हणजे डागडुजी हेनाकोमनं केली."

डिगोरीनं पाय थोडा सरकवला, तोंड वाकडं केलं. त्याच्या मागे स्टोकफर्डच्या पुढाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला तो हात दिसत होता, बोटं रुतलेली.

"साहेब," तो म्हणाला, "खांब तिनं लावला. पर कुटं लावायचा ते मी सांगितलं. तिला वरनं दिसतच नव्हतं. आन् खांब आखूड पडला तवा पाचर आमची, स्टोकफर्डच्या गिरणीतली. मी पाळीकरी म्हनून मागवली. निम्मं काम माजं हाय."

खांद्यावरचा हात निघाला.

"आपण हे आपल्या गावाच्या विरुद्ध बोलत आहात, कळतंय ना?"

"कळतंय. पाय मोडलाय, डोकं न्हाई."

न्यायाधीशांनी आपसांत डोकी जोडली. खूप वेळ. मग कारकुनाला जे सांगितलं ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे: अर्धा, अर्धा. पुलाच्या मध्यावर खुणेचा दगड बसवावा.

परतीच्या वाटेवर दोन्ही गावांची माणसं पुढेमागे चालत होती आणि दोन्ही गावं आपापल्या पाळीकऱ्याला शिव्या घालत होती. त्या बाबतीत मात्र पहिल्यांदाच दोन्ही गावांचं एकमत होतं.

मार्च आला. लस्कमच्या बैलांनी टेकडीखालची बाकी सगळी शेतं नांगरली. मावशीच्या बांधापाशी येऊन नांगर वळायचा. बाकीच्यांनीही आपापली निमित्तं सांगितली, कुणाचा बैल लंगडा, कुणाचं जू मोडलेलं. मी फावडं घेऊन तिच्या एका कोपऱ्यात खणायला लागलो. दोन माणसांनी फावड्यानं ती जमीन होणार नव्हती, हे तिला आणि मला दोघांनाही दिसत होतं. ती तरीही खणत होती.

तेव्हा नदीकडून गाणं ऐकू आलं. बैल हाकताना म्हणतात ते, लांबलचक, वर चढून खाली येणारं. कमान तोवर दुरुस्त झाली होती आणि मध्यावर खुणेचा दगड बसला होता. त्या दगडापाशी बैलांच्या दोन जोड्या थांबल्या. मागे डिगोरी, काखेत कुबडी.

मावशी पुलापर्यंत चालत गेली. मी मागे. ती दगडाच्या आपल्या बाजूला उभी राहिली.

"हे काय, व्हॉयझी?"

"बैल."

"दिसतंय मला. हितं कशाला थांबलात?"

"हितनं पुढं पूल तुमचा," डिगोरी म्हणाला. "बैल जड हाईत. खड्डा पडला तर तुमच्याच बोडक्यावर. म्हनलं इचारून पाय टाकावा."

तिनं बैलांकडे बघितलं, मग त्याच्या कुबडीकडे. मग ती बाजूला झाली, कठड्याला पाठ लावून, वाट मोकळी करून.

"आना," ती म्हणाली. "पर कडेकडेनं. परवाच दगुड बसवलेत."